नानाजीचं बोट अन् काचेचा डब्बा

बसा. या गोष्टीचा शेवट जो आधीच वळखंल, त्याले माह्याकून एक तंबाखूचा खर्रा. (कोणालेच द्या लागनार नाही, म्हणूनच बोलून राह्यलो.)

माहा भाचा अमर होळीले पुण्याहून घाटंजीले आला, तं संग एक जुना कम्प्युटर. काचेसारखा चौकोनी डब्बा. पंखा नाही, आवाज नाही, दाबाचं बटन बी नाही. वरतं बोट टेकवलं का दिवा लागे. अमर म्हणे, "मामा, लय भारी मशीन होती. पण एवढी महाग का कोणी घेतलीच नाही. कंपनीनं बंद केली."

मले लिवता-वाचता येत नाही, पण दिवा पाह्यल्यावर खोडी सुचली. माह्या बायकोची, लीलाबाईची काळी कोंबडी अठरा दिवसापासून गायब होती. संशय शेजारच्या हंसाबाईवर. दोघीचं बोलनं बंद, अन् त्या रागात माहा चहा बिनसाखरेचा. म्या गल्लीत सांगून आलो, का हा डब्बा खऱ्या मानसाच्या बोटानंच पेटते.

हंसाबाई भांडे घासता घासता ताडताड आली. हात पदराले पुसला, बोट टेकवलं. लागला दिवा.

"आता नानाजीचं लावा," थे म्हणे.

म्या हासत लावलं. नाही लागला. दुसरं लावलं. धोतराले पुसून दहाच्या दहा लावले. डब्बा ठार मुका. (जलमभर खोटं बोललो, कोणी धरलं नाही. त्या दिवशी पह्यल्यांदा खरा होतो.)

अमरनं लय समजावलं, का मामाचे बोटं कापसाची पऱ्हाटी उपटून अन् चुना मळून लाकडावानी झाले, मशीनले नरम बोट लागते. लीलाबाई म्हणे, तू मामाले नको वाचवू. तवाच दोघी बाया एक झाल्या, अन् माहा चहाच बंद.

तिसऱ्या दिवशी पऱ्हाटीच्या ढिगाखालून कोंबडी निंगाली. मांगं नऊ पिल्लं.

म्या म्हटलं, "पाह्य, अंड्यावर बसली होती."

"डब्ब्याच्या भेवानं तुमीच आणून सोडली," लीलाबाई म्हणे.

"अन् हे पिल्लं?"

"भेव लयच बसलं असंल."

अमर डब्बा बांधाले लागला, तं लीलाबाईनं त्याचा हात धरला. असली चीज घरात पाह्यजेच म्हणे. पोट्टा लाजला, मान खाली घातली, अन् तशाच खालच्या मानेनं भाव सांगतला.

अकरा हजार. माह्या कापसाच्या पैशातून.