गाडीची डावी बाजू

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी, सकाळच्या चहाबरोबर, नंदकिशोर तासगावकरांनी जाहीर केलं, "उद्या गाडी मी धुणार. यल्लाप्पानं हात लावायचा नाही. सदतीस वर्षं विमानाचे पत्रे तपासलेत मी. एका मोटारीचं काय घेऊन बसलीस?"

प्रतिमाताई पालक घेऊन बसल्या होत्या. एक जून देठ बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "त्या सदतीस वर्षांत तुम्ही घरातली एक वाटी धुतली नाहीत."

"वाटी तपासायला कोणी येत नव्हतं. गाडी तपासायला आशय येतोय."

हे मात्र खरं होतं. आशय त्यांचा मुलगा, राहायला बंगळुरातच, व्हाइटफील्डला. गेल्या आठवड्यात फोनवर त्यानं गोड आवाजात सांगितलं होतं, "बाबा, पूजेला येतोच आहोत. तेव्हा गाडीच्या किल्लीचंही जरा बघून टाकू." नंदकिशोररावांचं वय एकाहत्तर. या वयात मुलगा गोड बोलायला लागला, की आपलं काहीतरी जाणार हे माणसाला कळतं. गुडघे गेले होते, दात गेले होते, सोसायटीचं सेक्रेटरीपद गेलं होतं. के. आर. पुरमच्या त्या घरात त्यांच्या एकट्याच्या मालकीची अशी ती चौदा वर्षांची तांबडी गाडी तेवढी उरली होती. तीही गेली, तर भाजीला जायचं म्हटलं तरी सुनेला फोन करून रिक्षा मागव म्हणायचं.

तेव्हा त्यांनी बेत आखला. गाडी अशी लखलखीत करायची, की मुलाच्या तोंडून शब्द फुटू नये. जो माणूस गाडी इतकी निगुतीनं ठेवतो तो ती चालवतही तशीच असणार, हे कोणाही शहाण्याला पटेल. आणि चालवण्यात खोट होती कुठं? दोन वर्षांत गाडीला एक ओरखडा नव्हता. कधीकधी डावीकडून 'खर्र' असा आवाज यायचा, ते खरं. पण दुसऱ्या दिवशी पाहावं तर पत्रा गुळगुळीत. म्हणजे थोडक्यात चुकलं, असं समजून ते निर्धास्त होत. असं 'थोडक्यात' त्यांचं महिन्यातून दोनदा तरी चुकायचं.

यल्लाप्पा हा त्या गल्लीतल्या अकरा गाड्या पुसणारा गडी. मूळचा बेळगावकडचा, त्यामुळं मराठी बोलायचा; मधेमधे कानडीची फोडणी. त्याला उद्या येऊ नको म्हटल्यावर त्यानं खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"माझं काय चुकलं सार?"

"चुकलं काही नाही. पण तुझी पद्धत शास्त्रीय नाही. तू एकाच बादलीत फडकं बुडवतोस. आणि गाडीला काहीतरी चिकट लावतोस. बोट फिरवलं की कळतं मला."

यल्लाप्पानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "सरी सार. तुम्हीच धुवा. फक्त डाव्या बाजूला जास्त घासू नका."

"का?"

"सुम्ने. उगीच."

"उगीच म्हणजे काय? कारण सांग."

"कारण नाही सार. स्वल्प हलक्या हातानं करा म्हणतो. उजवीकडं पाहिजे तेवढं घासा."

झालं. ज्या माणसानं विमानाच्या पंखावर केसाएवढी चीर शोधली, त्याला हा फडकेवाला कुठं घासायचं ते शिकवणार. डावी बाजूच आधी घासायची, हे नंदकिशोररावांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सहाला ते अर्ध्या चड्डीत अंगणात उतरले. मोबाइलवर गाडी धुण्याचे चौदा व्हिडिओ पाहून झाले होते. दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. मऊ फडकी सहा. आणि पुठ्ठ्याला लावलेला एक तक्ता: क्रिया, करणार, तपासणार. विमानाच्या कारखान्याचा नियम होता, जो काम करतो त्यानं ते तपासायचं नाही. त्यामुळे 'तपासणार'च्या रकान्यात सगळीकडे प्रतिमा होती.

"मला पुरण वाटायचंय," तपासणारीनं आतून कळवलं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळा घोळ तिच्यामुळं झाला. विमानाच्या पत्र्याला रंग द्यायच्या आधी तो स्वच्छ आहे की नाही, हे पाणी ओतून बघतात. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर समजायचं, वर तेल आहे, पुन्हा धुवा. गाडीवाल्यांचं नेमकं उलटं. गाडीवर मेण असतं, त्यावर थेंब मोत्यासारखे उभे राहिले की गाडीवाला खूश होतो. चौदाही व्हिडिओंत हे सांगितलेलं होतं. पण नंदकिशोररावांनी ते आवाज बंद करून पाहिले होते, प्रतिमाताईंची झोपमोड नको म्हणून.

त्यांनी डाव्या दारावर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब टरारून उभे राहिले.

"बघ, बघ," ते स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन म्हणाले, "तेल थापलंय त्यानं. बहुतेक गोडं तेल."

मग साबण झाला. थेंब उभेच. भांड्यांचा साबण झाला. थेंब जरा बसले. मग माळ्यावरून रॉकेलची जुनी बाटली खाली आली, आणि नंदकिशोररावांनी जन्मात कधी बायकोची पाठ चोळली नसेल इतकं मन लावून ते दार, आणि मग सगळी डावी बाजू, चोळली. पांढरं फडकं तांबडं झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. त्यांना वाटलं, गाडीचा रंगच निघतोय. वास घेतला. वास बूटपॉलिशचा होता.

आणि मग पाणी सलग पसरलं. आरशासारखं. त्या आरशात नंदकिशोररावांना पहिला ओरखडा दिसला.

तो वीतभर होता. त्याच्या पुढं हातभर. मागच्या दारावर तीन, मांजरानं पंजा मारावा तसे. चाकावरच्या पत्र्याला पोचा. ते खाली बसले आणि एकेक वाचू लागले. हा दूधकेंद्राचा खांब. हा शहाळेवाल्याचा हातगाडा. हा मेट्रोचा खांब. तो तर केवढा मोठा असतो, तोसुद्धा दिसला नव्हता. एकूण सतरा. उजव्या बाजूला एकही नाही.

दोन वर्षांपासून त्यांच्या डाव्या डोळ्यात धुकं साठत होतं. आधी कोपऱ्यात होतं, मग अर्ध्यात आलं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, मुलाला नव्हतं, डॉक्टरला तर नव्हतंच. स्वतःलाही ते असंच सांगत, की धुकं असलं तरी गाडीला ओरखडा कुठं आहे?

त्यांनी ओल्या हातानं यल्लाप्पाला फोन लावला. तो दहा मिनिटांत आला. गाडीकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला नाही की काही नाही. नुसता म्हणाला, "घासलंच म्हणा."

"हे तू झाकत होतास?"

"हौदु सार. तांबडं पॉलिश, वर मेण. पोच्यात मेण जास्त. पावसात जायचं, परत लावायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी सोडली असती. गाडी गेली की माझं एक घर गेलं." मग त्यानं आवाज उतरवला. "या गल्लीत अजून दोन आजोबा आहेत सार. एकाची गाडी पांढरी, एकाची निळी. पांढऱ्याला लई त्रास आहे."

"मग लाव की आता. आशय नऊला येतोय."

"पत्रा ओला आहे, वर रॉकेल. धरणार नाही. दुपारपर्यंत वाळू दे."

घड्याळात साडेआठ झाले होते. ऊन चढलं होतं, आणि बोअरचं खारं पाणी वाळून टपावर पांढरे ठिपके उठले होते. गाडीला देवी आल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी बुडत्या माणसाला धर्म आठवतो. नंदकिशोररावांना आठवलं, की आज आयुधपूजा आहे आणि बंगळुरात आजच्या दिवशी गाडीला काहीही लावलं तरी कोणी का म्हणून विचारत नाही.

पंधरा मिनिटांत डाव्या बाजूला झेंडूच्या चार माळा चढल्या. पोच्यावर केळीचा खुंट बांधला. उरलेल्या प्रत्येक ओरखड्यावर गंधाचा पट्टा आणि पट्ट्यावर कुंकू. उजवीकडे फूल पुरलं नाही. एका बाजूनं पाहिलं तर वरात निघालेली, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर मयताहून परत आलेली.

आशय नऊला पाच कमी असताना आला. बरोबर त्याची बायको वल्लरी आणि आठ वर्षांची ईरा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"बाबा, उजवीकडे देव नाही का?"

"तिकडं भिंत आहे. दिसत नाही कोणाला."

"भिंत डावीकडे आहे."

 वल्लरी सालस मुलगी, सासऱ्यांची बाजू सावरावी म्हणून ती म्हणाली, "माळ जरा तिरकी झालीय, मी नीट करते." तिनं नीट केली. माळ तिच्या हातात आली, मागोमाग केळीचा खुंट कलंडला, आणि घाम फुटावा तसं ओलं गंध पत्र्यावरून खाली ओघळलं.

आशयनं बोटानं गंध पुसलं. एक. दोन. पाचव्यानंतर त्यानं पुसणं थांबवलं.

"हे कसं झालं?"

कोपऱ्यात यल्लाप्पा कोहळा घेऊन उभा होता, पूजेनंतर फोडायला. नंदकिशोररावांनी त्याच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पण हातातली किल्ली घट्ट धरलेला माणूस काय वाटेल ते बोलतो.

"यल्लाप्पानं केलं. पुसताना. हाताची अंगठी लागते त्याच्या."

यल्लाप्पाच्या हातात अंगठी नव्हती. होता तो कोहळा. त्यानं तो काखेत मारून हात पाठीमागं नेले आणि म्हणाला, "हौदु. माझ्याच हातून झालं. चुकी झाली."

 प्रतिमाताई पुरणाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बरं झालं," आशय म्हणाला. "म्हणजे चालवण्यात काही दोष नाही. मी उगीच काळजी करत होतो. मग किल्ली राहू दे तुमच्याकडेच. उलट माझंच एक काम करा. ईराच्या शाळेची बस बंद झालीय. सोमवारपासून तुम्हीच तिला सोडा. सकाळी आम्हाला दोघांनाही वेळ नसतो."

"आजोबांबरोबर?" म्हणत ईरा धावली आणि दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

डाव्या सीटवर.

नंदकिशोररावांनी यल्लाप्पाकडे विजयानं पाहायला हवं होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. उजवीकडच्या खिडकीतून आत वाकले, मान न वळवता, गाडी चालवताना पाहतात तसं सरळ समोर पाहिलं. समोर काच होती. काचेवर खाऱ्या पाण्याचे ठिपके होते. नात नव्हती. ती हसत होती, एवढं ऐकू येत होतं.

ते ताठ झाले. कमरेत कळ आली, पण ते ताठ झाले.

"ते ओरखडे माझे आहेत," ते म्हणाले. "सगळे. यल्लाप्पाचा संबंध नाही. मला डावीकडचं दिसत नाही."

"माहीत आहे, बाबा."

"कसं माहीत आहे?"

"यल्लाप्पा गाडी चारी बाजूंनी पुसतो. त्याची अंगठी एकाच बाजूला कशी लागेल? आणि त्याला अंगठीच नाही."

"मग शाळेचं?"

"बस चालू आहे," आशय खाली बघत म्हणाला. बस बंद झाल्याचं वाक्य त्यानंही बोलायला नको होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"डोळ्याचं मला का सांगितलं नाहीत?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर किल्ली तूच काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती. दोन वर्षं मी त्याच सीटवर बसतेय."

 नंदकिशोररावांनी किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. पूजा झाली. कोहळा फुटला. दुपारी पुरणपोळ्या झाल्या. त्यांनी तीन खाल्ल्या, कारण रागात त्यांना भूक जास्त लागते. चारला आशयनं गाडी काढली आणि ती व्हाइटफील्डच्या रहदारीत दिसेनाशी झाली. डाव्या डोळ्याला नव्हे, दोन्ही डोळ्यांना.

दुसऱ्या दिवशी सहाला नंदकिशोरराव सवयीनं अंगणात आले. फाटकाशी यल्लाप्पा बादली घेऊन उभा होता.

"गाडी गेली," ते म्हणाले.

"गोत्तु, ठाऊक आहे. काल बघितलं की."

"मग कशाला आलास?"

"तुम्ही कशाला उठलात?"

दोघं पायरीवर बसले. मधे रिकामी फरशी. नंदकिशोरराव फरशीकडे बघतच म्हणाले, "काल मी तुझ्यावर ढकललं. ते वाईट झालं."

"बिडि, सोडून द्या सार." यल्लाप्पानं बादली पालथी घातली. "डोळ्याच्या डॉक्टरकडं कधी चाललात?"

"बुधवारी. प्रतिमानं नंबर लावलाय. आशय म्हणतो, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखता येईल."

"सरी." यल्लाप्पा थोडा जवळ सरकला. घराच्या खिडकीकडं एकदा बघून घेतलं. "सार, माझ्या मेहुण्याकडं एक जुनी स्कूटर आहे. इंजिन चांगलं आहे. स्कूटरला डावी बाजू लई कमी असते."

नंदकिशोररावांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. हात उगारायच्या बेतात आणला. मग त्यांनीही एकदा खिडकीकडे पाहिलं. आत कुकरची शिट्टी झाली, तेवढ्या आवाजात त्यांनी विचारलं,

"कुठं राहतो मेहुणा?"