धनसिंगभाऊंचं नवीन स्थळ

पंधरा दिवसांत एकोणीस. धनसिंगभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आकडा तोच होता, आणि त्यातल्या चौदा वेळा ते स्वतःच येऊन गेले होते.

“म्हणजे एवढ्या मोठ्या जगातून फक्त पाच माणसं?” ते तापून म्हणाले.

“चार,” मगन म्हणाला. “एकदा मी वेबसाइट उघडली होती, चालते का बघायला.”

मगनचे जळगावात कॉम्प्युटरचे क्लास होते. नव्याण्णव साल होतं, आणि धनसिंगभाऊंच्या पत्नीच्या, सुनंदाबाईंच्या केळीच्या वेफर्सची वेबसाइट त्यानेच बनवून दिली होती. सुनंदाबाई पिंप्राळ्यातल्या घरामागे शेड टाकून वेफर्स तळायच्या. भाऊ शिंदखेड्याच्या एका कचेरीत तीस वर्षं टिप्पण्या लिहून निवृत्त झालेले. कढईजवळ त्यांना कोणी उभं करत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रसिद्धीचं काम अंगावर घेतलं होतं.

“भाऊ, वेबसाइट आहे हे आधी लोकांना कळायला नको का? रिक्षा फिरवा.”

“वेबसाइट नाही, संकेतस्थळ. मराठीत शब्द असताना इंग्रजीची लाचारी कशाला?”

भाऊंनी स्वहस्ते मजकूर लिहिला. ‘सुनंदा गृहोद्योग यांचे नवीन संकेतस्थळ. संपूर्ण माहिती फोटोसह उपलब्ध. जळगाव, धुळे व परदेशातील इच्छुकांनी अवश्य भेट द्यावी.’ तो त्यांनी भोंगेवाल्या झुलालच्या हाती दिला. झुलालने दोन दिवस रिक्षा फिरवली, पार धुळ्यापर्यंत नेली. खालचा इंग्रजी पत्ता त्याला वाचता येईना, म्हणून त्याने आपल्या मनाने घराचा पत्ता सांगितला. शिवाय कागदावर ‘संकेत’ एका ओळीत आणि ‘स्थळ’ दुसऱ्या ओळीत आलं होतं. झुलाल ओळ संपली की श्वास घ्यायचा.

भाऊंनी हे काहीच ऐकलं नाही. ते दोन्ही दिवस मगनकडे आकडा हलतोय का ते पाहत बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिंदखेड्याकडचे लोटननाना आणि त्यांच्या पत्नी ताईबाई दारात उभे राहिले. भाऊंनी त्यांना ओसरीवर बसवलं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“संकेत कोठे शे?”

“संकेतस्थळ म्हणा, नाना. ते इथे नाही. ते कॉम्प्युटरवर असतं.”

नानांनी ताईबाईंकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. “कॉम्प्युटरवर शे. बठ्ठा दिवस तठेच ऱ्हास का?”

“दिवसरात्र. अमेरिकेतूनसुद्धा लोक बघू शकतात.”

“अमेरिकाना लोके बी देखतस?” नाना जरा काळजीत पडले. एवढ्या मागणीपुढे आपला काय टिकाव लागणार?

ताईबाईंनी पदर सारखा केला. “उंची कितली शे?”

“कुणाची?” भाऊ म्हणाले, आणि मग सगळं त्यांच्या लक्षात आलं. पोटी दोन मुली, दोघींची लग्नं होऊन त्या आपापल्या घरी, आणि आता या वयात हा संकेत. भाऊंचा आवाज चढला. “अहो, मला मुलगाच नाही. हा मराठी शब्द आहे, शासनमान्य.”

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. रावेरकडचे केळीवाले निंबाआबा मुलीसाठी संकेतला बघायला आले होते. जीप चालवायला त्यांचा थोरला मुलगा सुपडू होता. त्यांच्यामागून आणखी दोन मंडळी आली. भाऊ प्रत्येकाला संकेतस्थळाची व्याख्या समजावत होते आणि सुनंदाबाई प्रत्येकापुढे चहा आणि वेफर्स ठेवत होत्या.

“त्यांना खायला काय घालतेस?” भाऊ आत येऊन म्हणाले. “ती माणसं चुकून आली आहेत.”

“चुकून आली तरी दारात आली ना,” सुनंदाबाई म्हणाल्या. “तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना एक वेफर चाखवता आला का?”

भाऊ तिथून तडक झुलालकडे गेले. “संकेतस्थळ हा एक शब्द आहे.”

“तुम्ही दोन ओळीत लिहिला होता, भाऊ,” झुलाल म्हणाला.

भाऊंनी तिथल्या तिथे शुद्धिपत्र लिहून दिलं. ‘मागील घोषणा रद्द समजावी. संकेत नावाचा कोणीही मुलगा आमचा नाही.’ झुलालने ते एका दमात, अक्षरही न बदलता, संध्याकाळपर्यंत गावभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी समजूत घालणारे येऊ लागले. शेजारी नुकत्याच राहायला आलेल्या बेबाबाई तर डोळ्यांना पदर लावूनच आल्या. “भाऊ, पोरं चुकतात. कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा असा घराबाहेर काढू नये. मोठ्या मनानं माफ करा.”

“ज्याला मी जन्मच दिला नाही त्याला माफ काय करू?” भाऊ ओरडले.

“रागात माणूस असंच बोलतो,” बेबाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वेफर्सची बशी जवळ ओढली.

आठवड्याभरात शेडमधला सगळा माल संपला. मगनकडे आकडा एकवीसवर होता. भाऊंना या दोन्ही गोष्टींचा सारखाच संताप आला.

मे महिन्यात लोटननानांकडून लग्नपत्रिका आली. त्या सकाळी भाऊ झुलालला झापायला गेले होते, तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या नानांनी आपल्या मुलीचा फोटो सुपडूला दाखवला होता. पत्रिकेत मध्यस्थ म्हणून धनसिंगभाऊंचं नाव ठसठशीत छापलं होतं. वऱ्हाडासाठी वेफर्स सुनंदाबाईंकडूनच घ्यायचे, असंही ठरलं होतं.

“मी जाणार नाही,” भाऊ म्हणाले, आणि गेले. मांडवात सगळ्यांसमक्ष खुलासा करायचा, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. पण नानांनी त्यांना टोपी-उपरणं दिलं, वाजंत्री सुरू झाली आणि खुलासा तोंडातच राहिला.

जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं कनवटीचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

“भाऊ, हाई मन्ही नात शे. तुमना कॉम्प्युटरमा टाकी द्या.”

“अक्का,” भाऊ दात आवळून म्हणाले, “ते फक्त वेफर्सचं आहे.”

“मंग वेफर्सना खाले टाका. मन्ही काही ना नही.”

भाऊंनी हात धुतला. फोटो डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या.

“शिक्षण?” त्यांनी विचारलं.