गुंडूअण्णांचा रुंबा

आमच्या टिळकवाडीत गुंडूअण्णा भाजीला निघाले, की मागून येणाऱ्यानं जपून चालावं. दोन पावलं झपझप, आणि तिसऱ्याला एकदम सावकाश. एकदा दूधवाला घागरीसकट त्यांच्यावर आदळला. दूध रस्त्यावर वाहतंय आणि अण्णा त्यालाच समजावतायत, "गडबड करू नको रं, ठेका धर!"

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. अण्णा वकिलाचे कारकून. अपिलाचे कागद घेऊन मुंबईला हायकोर्टात जायचे आणि संध्याकाळी नाचाचा हॉल गाठायचे. धोतराखाली वकीलसाहेबांचे जुने बूट, पुढं कापूस कोंबलेला. तिथं गोव्याचा बँड रुंबा वाजवायचा. "क्युबाचा नाच हाय, लई झ्याक!" असं अण्णा सांगायचे, की क्युबा हे आमच्या शेजारच्या खानापूरच्या पुढचं स्टेशन वाटावं.

गल्लीला सलत होतं ते वेगळंच. त्यांच्या बायकोच्या, शांताक्कांच्या अंगावरून वारं गेलेलं. ती माउली वर्षभर अंथरुणाला खिळलेली आणि नवरा मुंबईत मडमांबरोबर नाचतोय! मी कॉलेजात कायदा शिकत होतो, म्हणजे साऱ्या जगाचा न्यायाधीशच. मला तर त्यांचं तोंड बघवेना.

एका खेपेला मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. हॉलात अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसले. एक गोवेकर बाई हसत हात पुढं करून आल्या. अण्णांनी उठून नमस्कार केला. "न्हाय बाई. मी बघायला आलोय." मग तासभर लोकांच्या पावलांवरून त्यांची नजर हलली नाही.

परतल्यावर आईनं दिलेलं लोणचं घेऊन त्यांच्याकडं गेलो. दार उघडंच होतं. आत शांताक्का चक्क उभ्या! दोन्ही हात अण्णांच्या खांद्यावर. अण्णा मागं मागं सरकत म्हणत होते, "पट, पट, सावकाऽश..." आक्कांचा डावा पाय फरफटत पुढं यायचा, आणि त्या लहान मुलीसारख्या हसायच्या.

आक्कांना बसवून अण्णा बाहेर आले. "डाक्टर चालवा म्हणालेत. नुसतं चाल म्हटलं की रडती रं. नाच म्हटलं की हसती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "अण्णा, हे लोकांना सांगा की! तुम्हाला काय काय बोलतात..."

"मला बोलू देत. तिला कोण हसलं, तर पुन्हा उभी ऱ्हायची न्हाय."

गल्ली त्यांना शेवटपर्यंत नावं ठेवत राहिली. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगतोय.