उपरण्याखाली दोन बोटं

दामूनानांना तुम्ही फुटबॉलचा स्कोअर विचारलात, तर ते तो तोंडानं सांगत नसत. आधी खांद्यावरचं उपरणं काढत, तुमचा उजवा हात आपल्या हातात घेत, वरून उपरणं पांघरत आणि मग तुमची तीन बोटं दाबत. थोडं थांबून एक बोट. म्हणजे तीन-एक. सामना तुम्ही त्यांच्याच शेजारी बसून पाहिलेला असला तरी हा विधी चुकत नसे.

नाना गुरांच्या बाजारातले दलाल. आमच्याकडे बैलाचा सौदा मोठ्यानं बोलून होत नाही. दलाल उपरण्याखाली आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा, आणि बोटं दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण कुणी किती मागितलं नि कुणी किती देऊ केलं हे दलालाशिवाय कुणाला कळत नाही, आणि दलाल ते मरेपर्यंत सांगत नाही. तीस वर्षं हेच केल्यामुळे तोंड हे फक्त पान खाण्यासाठी दिलेलं आहे, अशी नानांची खात्री झाली होती. "तोंड फितूर शे मास्तर, बोट इमानी शे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणजे तोंडावरच पोट भरायचो, म्हणून ते मला जरा जास्तच ऐकवत. तेव्हा मला हसू यायचं.

नाना मूळचे धुळ्याकडचे, पण जळगावात आमच्या क्लबचे सगळ्यात जुने प्रेक्षक. धुळ्याविरुद्ध सामना असला की स्वतःच्या गावाला शिव्या घालायला सगळ्यात पुढे. फुटबॉल त्यांना किती कळायचा हे विचारू नका. ऑफसाइड हा प्रकार त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. जनावर पुढे गेलं तर त्याला शाबासकी द्यायची की शिक्षा, असं ते रेफ्रीला विचारत. क्लबात नवा पोरगा आला की त्याच्या पाठीवरून हात फिरवत, पोटऱ्या दाबून बघत आणि निकाल देत, "मागलं पाऊल हलकं शे, पण बुजरं शे." एकदा त्यांनी नव्या गोलकीपरला तोंड उघडायला सांगितलं. त्या बिचाऱ्यानं उघडलंही. दात बघून नाना म्हणाले, ठेवा याला. तो सहा वर्षं आमच्या गोलात उभा होता आणि बरा होता.

फक्त एका खेळाडूला नानांनी कधी हात लावून पाहिलं नाही. तो म्हणजे सुपडू. डाव्या पायाचा. लेफ्ट विंगवरून तो सुटला की शेंगा फोडणारी माणसं शेंगा हातात धरून बसायची. "असं जनावर बाजारमा एकदाच येस," नाना म्हणायचे. मुंबईच्या एका कंपनीनं त्याला आपल्या टीमसाठी उचललं, दोन वर्षांत गुडघा मोडला आणि सुपडू एक पाय ओढत परत आला. पाइपच्या कारखान्यात लागला. संध्याकाळी मैदानावर यायचा, पण कॉर्नरच्या झेंड्यापाशी, चुन्याच्या रेघेबाहेर उभा राहायचा. चेंडू बाहेर आला तरी तो हातानं उचलून द्यायचा, पायानं मारायचा नाही. कुणी बोलावलं तर हसायचा. रेघ ओलांडून आत येत नसे.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. आमच्या मॅनेजरची पुण्याला बदली झाली आणि सुपडूला मॅनेजर करावं असं बोलणं निघालं. झालं, महिनाभर पानटपरीवर दुसरा विषय नाही. मॅनेजर म्हणजे आमच्याकडे अकरा जण निवडणारा, पोरांकडून सराव करून घेणारा आणि धुळ्याच्या एसटीत सगळ्यांना मोजून बसवणारा. सुपडूला हे जमेल का? कुणी म्हणे, चांगला खेळणारा चांगलं शिकवतोच असं नाही. कुणी म्हणे, तो चार माणसांत बोलत नाही, पोरांना काय बोलणार? आणि सगळ्यांचा लाडका मुद्दा असा, की ज्यानं जन्मात कुणाला पास दिला नाही तो टीम काय बांधणार? हे शेवटचं मी म्हणायचो. अर्थात सुपडू टपरीवर आला की आम्ही सगळे त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचो, "सुपडू, आता तूच." त्यात माझी थाप सगळ्यात मोठी असायची.

क्लबची वार्षिक सभा दर हिवाळ्यात नशिराबादकडच्या एका शेतात, भरीत पार्टीत व्हायची. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची, ठेचायची, आणि भाकरीशी खाता खाता क्लबचा वर्षाचा कारभार उरकायचा. त्या वर्षी आम्ही अकरा मेंबर होतो, नाना होते आणि सुपडू. विषय निघणार हे त्यालाही ठाऊक होतं. तो आपणहून जाळापाशी जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून. हातातल्या काडीनं तो एकच वांगं उलटत राहिला.

कुणीतरी म्हणालं, हात वर करा. पण उमेदवार पंधरा पावलांवर बसलेला असताना विरोधात हात कोण वर करणार? तेव्हा नानांनी उपरणं झटकलं. एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही. कुणी काय दिलं ते त्यांच्या हातात राहील, बाहेर फक्त निकाल येईल. सगळ्यांना ही युक्ती फार पसंत पडली. इतकी का पसंत पडली, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आधी मी भाषण केलं. सुपडूला ऐकू जाईल अशा आवाजात. त्याचा डावा पाय, त्याचा त्याग, जळगावचं नाव. शाळेतल्या पंधरा ऑगस्टला करतो त्याहून चांगलं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नाना एकेकासमोर बसत, उपरण्याखाली हात घेत आणि पुढे सरकत गेले. माझी पाळी आली. नानांचा हात बैलाच्या खांद्यासारखा खरखरीत होता.

मी दोन बोटं दिली.

का दिली, ते लपवण्यात आता अर्थ नाही. मी सुपडूबरोबर चार वर्षं राइटला खेळलो. धुळ्याच्या एका सामन्यात मी गोलसमोर एकटा उभा होतो, दोन्ही हात हलवून ओरडत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि तरी स्वतःच मारला. गोल झाला. न होता तर मी विसरलो असतो. आणि दुसरं असं, की सुपडू नको झाला तर कुणीतरी माझं नाव घेईल, असं मला वाटत होतं. एवढंच. नानांनी बोटं दाबून पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही आणि पुढच्या माणसासमोर जाऊन बसले.

अकरावा हात सोडून नाना उठले. उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "बठ्ठासनी एक बोट दिधं. सुपडू मॅनेजर."

मी भाकरीचा तुकडा मोडत होतो, तो हातातच राहिला. सगळ्यांनी एक बोट? नाना खोटं बोलत होते, हे मला माहीत होतं. माझी दोन बोटं कुठे गेली? पण उठून विचारायचं कसं? आत्ताच तर मी भाषण केलं होतं. मी आजूबाजूला बघितलं. दहाच्या दहा जण आपापल्या ताटात मान घालून बसले होते. कुणी कुणाकडे बघेना. आनंदानं कुणी एक शब्द बोलेना. तेव्हा मला कळलं. दोन बोटं देणारा मी एकटा नव्हतो. कदाचित एकही बोट सरळ नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोर आपणच.

सुपडू जाळापासून उठून आला. धुरानं डोळे लाल झालेले. "बठ्ठासनी?" त्यानं विचारलं.

"बठ्ठासनी," नाना म्हणाले.

मग आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. सुपडूनं भाजलेली वांगी करपली होती. भरीत कडू लागत होतं. फार छान झालंय, असं आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं.

पहिल्या वर्षी आम्ही धुळ्यात चार गोलांनी हरलो. दुसऱ्या वर्षी बरोबरी झाली. पुढे कधी जिंकलो, कधी हरलो. सुपडू रेघेच्या आत आला तो आलाच. लंगडत मैदानभर फिरायचा आणि पोरांना एकच ओरडायचा, "पास दे रे, पास दे." ते ऐकलं की मला मान वर करवत नसे. पोरं आपसांत भांडली की तो त्यांना ती भरीत पार्टीची गोष्ट सांगायचा. आपल्या गुडघ्यात काही राहिलं नव्हतं, तरी अकराच्या अकरा माणसांनी आपल्याला एक बोट दिलं, असं. कधी कधी साक्षीला मला पुढे करायचा, "विचारा मास्तरले." आणि मी हो म्हणायचो. वर्षानुवर्षं हो म्हणत आलो.

नानांनी या गोष्टीचा उल्लेख माझ्यापाशी कधी केला नाही. नजरेनंही नाही. स्कोअर मात्र पूर्वीसारखाच उपरण्याखालून सांगायचे.

नव्वदनंतर त्यांचे पाय गेले. बाजार सुटला, मैदानही सुटलं. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. बाजारामागच्या, मैदानापासून हाकेवरच्या एका खोलीत खाटेवर पडून असायचे. मी जायला फार उशीर केला. गेलो तेव्हा दुपार होती आणि उपरणं उशाशी घडी करून ठेवलेलं होतं.

इकडचं तिकडचं बोलून मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी शेतात मी..."

"तोंडघाई नको," ते म्हणाले. आणि उपरणं ओढून त्यांनी हात पुढे केला.

मी त्यात हात दिला. वरून उपरणं पडलं. मी दोन बोटं पुढे केली. माझे डोळे भरून आले होते, पण ते उपरण्याबाहेर होतं.

नानांनी ती दाबून पाहिली. मग म्हणाले, "तीस वरीस दलाली करी. मी एकच सौदा खोटा सांगा." पुढे म्हणाले, "तो बी पोरगं रेघनं बाहेर उभं ऱ्हास म्हनीसन."

बाकीच्या दहांनी काय दिलं, हे मी विचारणार होतो. पण त्यांनी उपरण्याखाली माझं दुसरं बोट हळूच धरलं आणि मिटवून टाकलं. एकच बोट उरलं. ते त्यांनी दाबलं.

सौदा ठरला की दलाल लगेच हात सोडतो. नानांनी सोडला नाही. कुणीतरी हात द्यावा म्हणून ते इतकी वर्षं स्कोअर उपरण्याखालून सांगत होते की काय, असं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं. मीही हात काढून घेतला नाही. संध्याकाळी मैदानावरून सुपडूचा आवाज ऐकू येईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.