सुदर्शनरावांचा फोरहँड

सुदर्शनरावांनी नोटीस बोर्डावरची यादी तीनदा वाचली. कंपनीची टेबल टेनिस स्पर्धा. खेळाडू : सव्वीस नावं. अंपायर : एकच नाव, आणि ते त्यांचं.

येरवड्याजवळची ही सॉफ्टवेअर कंपनी. पोरं सगळी बाविशी-तेविशीची, आणि सुदर्शनराव चव्वेचाळीसचे. काम ॲडमिनचं, म्हणजे एसी, खुर्च्या आणि चहाचं मशीन. पण म्हणून काय धडधाकट माणसाला कडेला बसवून नुसते पॉइंट मोजायला लावायचे? ते तडक यादी करणाऱ्या मंतशाकडे गेले. (ही मुलगी कॉलेजची चॅम्पियन होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी गेले असते, स्वभावच तसला.)

"मला खेळायचंय."

"काका, तुम्हाला येतं?"

त्या 'काका'ने ते पेटलेच. "पुढच्या शुक्रवारी तुझ्याशीच खेळतो! तीनपैकी एक गेम घेतला, तर माझं नाव खेळाडूंत. नाही घेतला, तर जन्मभर अंपायर!"

"डन," मंतशा म्हणाली.

त्याच संध्याकाळी त्यांची स्कूटर सदाशिव पेठेत, बापूरावांच्या टेबल टेनिस क्लाससमोर उभी राहिली.

"आठ दिवसांत फोरहँड सुधारायचाय."

"सुधारायला आधी तो असावा लागतो," बापूराव म्हणाले. "मारून दाखवा." यांनी दाखवला. "पुरे. आमच्याकडे पंधरा दिवस बॅट नाही आणि महिनाभर चेंडू नाही. कोपर अंगाशी, कंबर वळवायची आणि हात थेट कपाळाशी. कडक सॅल्यूट ठोकल्यासारखा. रोज पाचशे."

"पण चेंडूशिवाय कसं..."

"घाई असेल तर शेजारी कॅरमचा क्लास आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धायरीच्या फ्लॅटच्या गॅलरीत सराव सुरू. कोपर, कंबर, कपाळ. कोपर, कंबर, कपाळ. शैलाताई चहा घेऊन आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि चहा तिथेच ठेवून निमूट आत गेल्या. (लग्नाला अठरा वर्षं झाली की बायका प्रश्न विचारत नाहीत.)

सहाव्या दिवशी बेल वाजली. दारात एक मिशीवाले गृहस्थ, उजवा हात गळ्यात बांधलेला.

"मी रंगराव, रिटायर सुभेदार. समोरच्या बिल्डिंगीत राहतो. साहेब, एक विनंती हाय. सॅल्यूट जरा कमी करा."

"कसले सॅल्यूट?"

"आता कसले म्हणता! रोज सकाळी माझ्याकडं तोंड करून ठोकता की. समोरच्यानं सॅल्यूट दिला आन् आपण परत दिला न्हाई, हे फौजी माणसाला जमत न्हाई. पण पाचशे? अहो, तीस वर्षांच्या नोकरीत एवढे ठोकले न्हाईत. खांदा गेला बघा कामातनं!"

सुदर्शनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शैलाताई हसू दाबत आत पळाल्या आणि आत जाऊन मोठ्यांदा हसल्या. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. पण छे! सुदर्शनरावांनी तोंड घराकडे फिरवलं आणि उरलेले दोन दिवस फ्रिजला सॅल्यूट ठोकले.

शुक्रवारी कँटीन गच्च भरलं होतं. मंतशाने सर्व्हिस केली. कोपर, कंबर, कपाळ! असा देखणा फोरहँड त्या कंपनीने पाहिला नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चेंडू तोवर वॉटर कूलरखाली गेला होता.

पहिला गेम अकरा-शून्य. दुसराही अकरा-शून्य. तिसरा अकरा-एक. (मंतशाची एक सर्व्हिस नेटमध्ये अडकली.)

रात्रभर त्यांना फार वाईट वाटलं. पण शब्द तो शब्द. सोमवारी ते शिट्टी विकत घेऊनच ऑफिसला आले, बोर्डापाशी गेले आणि यादी वाचून थबकले. अंपायर म्हणून तिथे कुणा दिग्विजयचं नाव होतं.

"मंतशा, अंपायरमधून माझं नाव काढलंस?" त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे खेळाडूंत घेतलंस?"

"नाही हो, काका," मंतशा संकोचून म्हणाली. "अंपायरला बॉल दिसावा लागतो ना."