सत्तावीस गाठी

परकारचाचांना नातू झाला तेव्हा त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "मुलगा. ठीक. खलास." वजन किती, नाक कुणासारखं, काही म्हणजे काही नाही. विचारलं तर म्हणाले, "बाय, तीन गाठींत बातमी पोचली ना? मग चौथी कशाला?"

गाठी हा त्यांचा शब्द. इकडे आखातात, हमरियात आमचं पाट्या आणि धातूचे नकाशे कापायचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक ड्रॉइंगची फाइल पाठवतं, त्यात एकेक रेघ हजारो ठिपक्यांची. एखादं वळण जरा सरकवायला जावं, तर एकच ठिपका हलतो; बाकीचे सरकारी कचेरीतल्यासारखे ढिम्म. चाचा जास्तीचे ठिपके काढतात. रेघ दिसते तशीच, पण मग ती कुणालाही सहज बदलता येते. चाचा जाळी विणणाऱ्या घरातले, म्हणून ठिपक्याला गाठ म्हणतात.

बरं, हे कामापुरतं ठेवतील तर शपथ. माझ्या ईमेलमधली विशेषणं खोडतात. मी नवऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं की म्हणतात, "यल्ला, शेवट सांग." चाची रत्नागिरीकडे गावी असतात. त्यांना रोज दुपारी फोन: "जेवलीस? मी जेवलो. ठेवतो." मला चाचींची फार कीव यायची.

मागच्या महिन्यात एका जहाज कंपनीच्या भिंतीसाठी पितळेचा नकाशा करायचा होता, भारताचा पश्चिम किनारा. चाचांनी फाइल हलकी केली, मी तपासायला घेतली. सगळा किनारा सुटसुटीत, आणि रत्नागिरीच्या खाली नखाएवढ्या खाचेत सत्तावीस गाठी! चाचा नमाजाला गेले होते. म्हटलं, आज गुरूची विद्या गुरूलाच. दोन ठेवल्या, पंचवीस उडवल्या. खाच गेली, किनारा सरळ झाला. फाइल मशीनवर चढवली.

चाचा आले, स्क्रीन पाहिला. "मशीन बंद कर." आवाज चढला नव्हता, पण माउस माझ्या हातातून काढून घेतला.

"अहो, दोन गाठींत भागतंय की."

"बाय, तिथे माझा गाव आहे."

खुर्ची ओढून एकेक गाठ हाताने परत घालायला बसले. आणि त्या दिवशी चाचा बोलले. "हा धक्का. हा उतार. हा खडक. बावीस वर्षं झाली. सुट्टी संपवून मी निघतो, तेव्हा होडी वळेपर्यंत ती या खडकावर उभी असते. हात नाही हलवत. नुसती उभी."

तासभर मशीन खोळंबलं. गिऱ्हाइकाला मी वीज गेल्याचं सांगितलं. हमरियात वीज जात नाही, हे त्यालाही ठाऊक असणार.

संध्याकाळी कंपनीचा अरबी मॅनेजर नकाशा पाहायला आला. किनाऱ्यावरून बोट फिरवत गेला आणि बोट त्या खाचेत अडकलं.

"दिस वन, मिस्टेक?"

चाचा ताठ उभे राहिले.

"नो मिस्टेक, हबीबी. वाईफ."