डाळिंबाचं स्थळ

इंगळे काकांकडे डाळिंबाचं कलम मागितलं, की ते आधी तुमचं घर बघायला येतात. चपला काढायच्या आधी गच्चीकडे बघतात. ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, न्हाणीचं पाणी कुठे निघतं, हे सगळं विचारून होतं. मग खुर्चीत बसून शेवटचा प्रश्न येतो, "घरात भांडनं होतात काय?"

याचा कलमाशी काय संबंध, असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं. "भांडनात झाडाले पानी द्याचं राह्यते."

मेहकरला आमची आणि काकांची भिंत एकच. नोकरी त्यांनी एसटीत केली, स्टँडवरच्या खिडकीत वाहतूक नियंत्रक म्हणून. वडील लवकर गेले, तेव्हा तिन्ही बहिणींसाठी स्थळं यांनीच पाहिली. गावोगाव हिंडून, लोकांची अंगणं आणि स्वयंपाकघरं बघून तिघींना चांगल्या घरी दिलं. त्या धावपळीत स्वतःचं लग्न राहून गेलं. निवृत्त झाल्यावर घर बघायची सवय उरली होती, ती डाळिंबाच्या कामी आली.

अंगणात चार झाडं. भगवा, गणेश, आरक्ता आणि चौथं बिननावाचं. त्याची फांदी त्यांनी डेपोच्या कुंपणावरून आणली होती, म्हणून त्याला ते 'मुक्कामी' म्हणतात. चारही झाडांच्या फांद्यांना बारा महिने पट्ट्या बांधलेल्या. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. याला गुटी म्हणतात. महिना-दीड महिन्यात आत मुळ्या फुटल्या, की फांदी खालून कापून पिशवीत लावायची. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झाडांना अपघात झालाय आणि सगळ्यांचे हात प्लास्टरमध्ये आहेत.

रोज सकाळी काका एकेक गुटी उन्हाकडे धरून बघतात. मुळी दिसली नाही, तर "गाडी लागली नाई अजून." फांदी वाळली, तर "फेरी रद्द." आणि पांढरा धागा दिसला, की भिंतीवरून हाक येते, "मॅडम! लागली फलाटाले!"

तेव्हा मी डबे भरत असते. माझी शाळा हिवरा आश्रमाच्या पुढे, जाऊन-येऊन दोन बस. घरी आले की वह्यांचा गठ्ठा, स्वयंपाक आणि सासूबाईंची औषधं. अशा बाईला सकाळी सव्वासहाला मुळ्यांचं कौतुक कितीसं असणार? पण "अरे वा" म्हणावं लागतं, नाहीतर गुटीसकट फांदी भिंतीवरून पुढे येते.

तरीही एकदा मी कलम मागितलं. काका तीन वेळा घर बघून गेले. पहिल्यांदा म्हणाले, तुमच्याकडे ऊन उशिरा येते. दुसऱ्यांदा, कोपऱ्यात पाणी तुंबते, मुळ्या सडतीन. तिसऱ्या खेपेला ते बराच वेळ माझ्याकडेच बघत बसले.

"मॅडम, तुमी नेहमी थकल्यासारख्या काऊन दिसता?"

"थकते म्हणून दिसते."

"मंग झाडाकडं कोन पाहीन?"

झालं, नकार. सासूबाई आतून म्हणाल्या, "बाई, माह्या लग्नात बी येवढी चौकशी नोती झाली!"

ज्यांना होकार मिळाला, त्यांचीही सुटका नव्हती. कलम दिल्यावर काका त्याची खबर घ्यायला जात. बीबी, पिंपळगाव राजा, हिवरा आश्रम, अशी सगळी गावं. ज्येष्ठांच्या सवलतीत फिरायचं, खांद्याला पिशवी, पिशवीत खुरपं. लोक कंटाळत असतील, असं मला वाटे. दारात पुन्हा हा माणूस, पुन्हा पाण्याची चौकशी. ते परत आले की मी विचारी, "कसं आहे झाड?" ते म्हणत, "ठीक हाय." तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात काका हौदापाशी घसरले. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला न्यायचं ठरलं. गाडीत आडवे असताना त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली आणि एक वही. "पानी तुमी टाका. आन् यात बारा घरं हायेत. फोन करून सांगा, दोन महिने मी येत नाई म्हनून. वाट पाहतीन."

माझ्याकडे चाचणीचे पेपर पडले होते. वाट कोण बघतंय, असं पुटपुटतच मी संध्याकाळी पहिला फोन लावला. बीबीच्या एक बाई होत्या. काका पडले म्हटल्यावर त्या घाबरल्या. कुठे नेलं, जेवतात का, सोबत कोण, सगळं विचारलं. मग मी रीत म्हणून विचारलं, "तुमचं डाळिंब कसं आहे?"

"ते तं मेलं न ताई. तीन वर्षं झाले."

"काकांना माहीत आहे?"

"पाह्यतात न ते. कुंडीपाशी उभे राह्यतात, माती उकरतात, मंग च्या घेतात. पोराईचा अभ्यास इचारतात. आमी काई बोलत नाई, ते बी काई बोलत नाई." मग त्या म्हणाल्या, "कुंडी ठेवली हाय आमी तशीच."

मी बाकीचे अकरा फोन त्याच संध्याकाळी केले. बारातली नऊ झाडं गेली होती. कुणाचं तेल्या रोगानं, कुणाचं पाण्यानं, एक बकरीनं खाल्लं होतं. पण सगळ्यांनी तेच विचारलं, "काका कवा येतीन?" हिवरा आश्रमच्या आजी तर चिडल्याच. "दोन महिने? मंग मी गुरुवारची भाकर कोनाले घालू?"

पेपर त्या दिवशी तपासून झाले नाहीत.

काका परतले ते वॉकर घेऊन. मी वही द्यायला गेले, तर ते पलंगावर बसून होते. बरेच वाळले होते.

"सांगतलं सगळ्याईले?"

"सांगितलं."

"झाडं कसे हायेत म्हने?"

वीस वर्षं मी पोरांच्या थापा पकडत आले आहे. मला स्वतःला थाप मारता येत नाही, हे तेव्हा कळलं. "ठीक आहेत," मी म्हणाले.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली आणि वही उशीखाली ठेवली.

चार दिवसांनी मी शाळेतून आले, तर आमच्या फाटकाशी वॉकर वाजला. त्यांच्या दारापासून आमच्या ओट्यापर्यंत यायला त्यांना पाव तास लागला असेल. गच्चीकडे त्यांनी बघितलं नाही. पाण्याचं विचारलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी धाप ओसरू दिली.

माझी पाठ भरून आली होती. गठ्ठा टेबलावर तसाच होता. मी चहा ठेवला. सासूबाई बाहेर येऊन बसल्या आणि काकांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या पंगतीची गोष्ट निघाली. कप रिकामा झाला, तेव्हा मी पुन्हा अर्धा ओतला. त्यांनी नको म्हटलं नाही. कलमाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दिवेलागणीला ते वॉकर धरून उठले. दाराशी थांबले. इतकी वर्षं न विचारता लोकांच्या घरात शिरलेला माणूस, उंबऱ्याकडे बघत म्हणाला,

"परवाच्या दिशी येऊ काय?"

"या," मी म्हणाले.